सध्या काय वाचताय, सर?



वैरागसारख्या गावात निवृत्त प्राध्यापकाला लोक दोनच प्रश्न विचारतात. पेन्शन वेळेवर येते का, हा पहिला. आणि सध्या काय वाचताय, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर एका शब्दात देता येतं. दुसऱ्याला मात्र आज तासभर लागणार आहे.

सध्या आमच्या टेबलावर चार पुस्तकं आहेत. जयंत नारळीकरांची 'वामन परत न आला', अर्सुला ले ग्विन या अमेरिकन लेखिकेची 'अ विझर्ड ऑफ अर्थसी', बेगम रुकैया यांची 'सुलतानाज ड्रीम' (ही कादंबरी कसली, कथाच आहे, पण मोठ्या कादंबरीइतकं काम करते) आणि पी. डी. जेम्स यांची 'द चिल्ड्रन ऑफ मेन'. दोन विज्ञानाच्या अंगाने जाणाऱ्या, एक जादूगाराची, आणि एक स्वप्नाची. उशाशी नारळीकरांच्या कथा असतात, त्या वेगळ्या.

हे ऐकलं की समोरच्याचा चेहरा थोडा पडतो. तत्त्वज्ञानात डॉक्टरेट केलेला माणूस, म्हणजे शांकरभाष्य तरी असेल, निदान ज्ञानेश्वरी असेल, अशी अपेक्षा असते. आमच्या शेजारी एक शेतकरी गृहस्थ राहतात. त्यांनी तर सरळच विचारलं, "सर, आयुष्यभर पोरांना खरं-खोटं शिकवलं, आन् आता ह्या वयात खोटंच वाचत बसलाय व्हय?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आजचं सगळं बोलणं म्हणजे त्यांच्या या एका प्रश्नाला उत्तर आहे, असं समजा.

हा प्रश्न मराठीत नवा नाही, हे आधी सांगतो. १८६८ साली नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' ही कादंबरी आली. राजपुत्र, राजकन्या, विरह, चमत्कार, सगळं त्यात आहे. प्रस्तावनेत रिसबुडांनी फार प्रामाणिक कबुली दिली आहे. तिचा आशय असा, की आपल्या लोकांचं रोजचं आयुष्य इतकं बेताचं आहे, की तेच लिहिलं तर कुणाला गोडी वाटणार नाही. म्हणून मनोरंजक पुस्तक लिहायचं तर अद्भुताकडे वळणं भाग आहे. म्हणजे आयुष्य सपक आहे, म्हणून वरून फोडणी. दीडशे वर्षं होऊन गेली, तरी अद्भुत आणि विज्ञान कादंबऱ्यांबद्दल आपलं मत साधारण हेच आहे. करमणूक आहे, पोराटोरांनी वाचावी, मोठ्यांनी जगाकडे बघावं.

आम्हाला हे पटत नाही. आयुष्य सपक आहे हेही पटत नाही आणि अद्भुत म्हणजे फोडणी हेही पटत नाही. का ते सांगतो.

खोटं म्हणजे काय? जे नाही ते 'आहे' म्हणून सांगणं. आता कादंबरीकार काय करतो? तो 'आहे' असं म्हणतच नाही. तो म्हणतो 'समजा'. शाळेत गणिताचे मास्तर फळ्यावर लिहायचे, "समजा, आंब्यांची संख्या क्ष." तेव्हा कुणी उठून म्हणालं का, की मास्तर खोटं बोलतात, क्ष नावाचा आकडाच नसतो? नाही म्हणालं. कारण पुढचं गणित बरोबर सुटलं पाहिजे एवढीच अट होती.

आपल्या न्यायदर्शनात याला एक नेमका शब्द आहे: तर्क. आज आपण तर्क म्हणजे अंदाज किंवा अक्कल असा ढोबळ अर्थ घेतो. नैयायिकांचा तर्क त्याहून बारीक आहे. डोंगरावर धूर दिसतो. कुणी म्हणतो, धूर असेल, पण आग नसेल. त्यावर नैयायिक म्हणतो, ठीक, तुमचं मानू. आग नसती तर धूरही नसता. पण धूर तर दिसतोय. तेव्हा तुमचं म्हणणं टिकत नाही. म्हणजे जे नाही ते क्षणभर मानायचं, त्याचे परिणाम शेवटपर्यंत ओढत न्यायचे, आणि कुठे अडतं ते बघायचं. आणि पुढची गोष्ट फार महत्त्वाची. नैयायिक स्पष्ट सांगतात, की तर्क स्वतः प्रमाण नाही. त्याने ज्ञान सिद्ध होत नाही. तो प्रमाणाला मदत करतो, शंका दूर करतो, वाट झाडून ठेवतो.

चांगली विज्ञान कादंबरी, चांगली अद्भुत कादंबरी म्हणजे असा लांबवलेला तर्क आहे. लेखक जगाचा एखादाच नियम बदलतो. बाकीचं जग आहे तसं ठेवतो. आणि मग हिशेब प्रामाणिकपणे मांडत जातो. हिशेब चुकला, की वाचक पुस्तक मिटतो.

एक उदाहरण घेऊ. नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा तुमच्यापैकी पुष्कळांनी वाचली असेल. अकरावीच्या एनसीईआरटीच्या इंग्रजी पुस्तकात ती 'द अ‍ॅडव्हेंचर' या नावाने होती, तेव्हा तरुण मंडळींनी परीक्षेसाठी तरी वाचलीच असेल. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे एका अपघातानंतर वेगळ्याच हिंदुस्थानात जाऊन पोहोचतात. तिथे १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर मराठे जिंकलेले आहेत. बदल किती केला? विश्वासरावांना लागलेली गोळी इथे कानाजवळून निघून जाते. बस, एवढाच. इंचभराचा फरक. त्यातून साऱ्या देशाचा इतिहास निराळा होतो.

या कथेतला एक प्रसंग व्याख्यान देणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावा. गंगाधरपंतांनी तोवर नऊशे नव्याण्णव सभांचं अध्यक्षपद भूषवलेलं असतं. त्या दुसऱ्या मुंबईत, आझाद मैदानावर, त्यांना एक व्याख्यान चाललेलं दिसतं, आणि अध्यक्षांची खुर्ची रिकामी! ते जाऊन बसतात आणि अध्यक्षीय भाषण सुरू करतात. लोक भडकतात, कारण त्या जगात अध्यक्ष ही पद्धतच लोकांनी मोडीत काढलेली असते. श्रोते थेट वक्त्याला ऐकतात. आज इथेही खुर्ची रिकामी आहे, म्हणून कुणी गैरसमज करून घेऊ नये.

हसण्याचा भाग सोडा. नारळीकरांनी इथे काय केलं बघा. पानिपत जिंकलं तर काय, या प्रश्नावर दुसऱ्या कुणी भगवा लाल किल्ल्यावर चढवून कथा संपवली असती. नारळीकर विचारतात, की अशा जगात सभा कशा भरत असतील? तिथल्या लोकांना कशाचा कंटाळा आला असेल? हा हिशेब झाला. शिवाय गंगाधरपंत परत आल्यावर त्यांचा मित्र त्यांना पुंजवाद समजावून सांगतो, म्हणजे एका क्षणाला अनेक शक्यता कशा असू शकतात ते. ते पटो न पटो, लेखकाने आपली वही उघडी ठेवली.

नारळीकर या वाटेला कसे आले, तेही सांगण्यासारखं आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथेची स्पर्धा घेतली. त्यांनी 'कृष्णविवर' नावाची कथा पाठवली, पण नाव दिलं 'नारायण विनायक जगताप'. आपल्या नावाची आद्याक्षरं उलटी केली. मोठ्या शास्त्रज्ञाचं नाव बघून परीक्षकांनी झुकतं माप देऊ नये, म्हणून. पहिलं बक्षीस जगतापांना मिळालं! पुढच्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवत यांनी या नव्या प्रकारच्या लेखनाची दखल घेतली. आणि २०२१ साली नाशिकच्या संमेलनाचं अध्यक्षपद नारळीकरांकडेच आलं. २० मे २०२५ रोजी ते गेले. तेव्हापासून आम्ही त्यांची पुस्तकं पुन्हा क्रमाने काढून वाचतो आहोत.

आता पाण्याकडे येऊ. बार्शी तालुक्यात बोलायचं आणि पाण्याचं नाव घ्यायचं नाही, हे होणार नाही.

१९०५ साली बंगालच्या रुकैया सखावत हुसेन यांनी 'सुलतानाज ड्रीम' लिहिली. पडद्यात वाढलेली बाई, शाळेत कधी गेलेली नाही, आणि इंग्रजीत कथा लिहिते. नियम कोणता बदलला? पुरुष पडद्याच्या आत, बायका बाहेर. बाकी हिशेब. बायकांच्या त्या राज्यात दोन विद्यापीठं असतात. एक विद्यापीठ उन्हाची उष्णता साठवायची युक्ती काढतं. दुसरं एक असा फुगा तयार करतं, की तो ढगांच्या वर तरंगत ठेवायचा आणि नळीने हवं तेवढं पाणी ढगातून काढून घ्यायचं. मग ना अवर्षण, ना चिखल, ना वादळ.

१९७२ चा दुष्काळ या जिल्ह्याने अंगावर काढला. खडी फोडायला गेलेली माणसं आजही इथे आहेत. आपण पर्जन्यछायेतले लोक. ढग डोक्यावरून निघून जाताना बघणं हा आपला पावसाळ्यातला जुना उद्योग. असा माणूस ही कथा वाचतो, तेव्हा त्याला ती परीकथा वाटत नाही. त्याच्या मनातलंच कुणीतरी १९०५ साली लिहून ठेवलेलं असतं.

आणि पुढे काय झालं? पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात आपल्याच सोलापूर परिसरात ढगांवर बीजपेरणीचे प्रयोग केले. विमानाने ढगांत क्षारकण सोडले. पण त्यांनी एक गोष्ट मुद्दाम केली. काही ढगांत पेरणी केली आणि काही ढग तुलनेसाठी तसेच सोडले. मग दोन्हीकडचा पाऊस मोजला. काही ठिकाणी सुमारे १८ टक्के वाढ आढळल्याचं त्यांनी प्रसिद्ध केलं. लक्षात घ्या, ढगच नसतील तर पेरायचं कशात, हा प्रश्न तसाच राहतो. आहे त्या ढगातून थोडं अधिक, एवढंच.

रुकैयाबाईंचा फुगा म्हणजे तर्क. सोलापूरचा प्रयोग म्हणजे प्रमाण. कथेने विचारलं, 'समजा ढगातून पाणी काढता आलं तर?' प्रयोगाने विचारलं, 'किती?' दोन्ही प्रश्न लागतात. पहिला प्रश्न कुणी विचारलाच नाही, तर दुसऱ्यापर्यंत पोहोचणार कोण?

इथे थांबून एक इशारा देणं भाग आहे. हल्ली व्हॉट्सॲपवर एक गोष्ट फिरत असते. भागवताच्या नवव्या स्कंधात रैवत राजाची कथा आहे. मुलीसाठी, रेवतीसाठी, वर विचारायला राजा तिला घेऊन ब्रह्मलोकी जातो. तिथे गाणं चालू असतं, म्हणून क्षणभर थांबतो. गाणं संपल्यावर विचारतो, तर ब्रह्मदेव हसतात. म्हणतात, तू ज्यांची नावं मनात धरलीस ते केव्हाच गेले. पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगं उलटली. अतिशय सुंदर कल्पना आहे. वरपित्याची घाई आणि काळाची चाल, दोन्ही एका कथेत! आम्ही ती वर्गात आवडीने सांगत असू. पण निरोपाखाली लिहिलेलं असतं, की म्हणजे आइन्स्टाइनच्या आधी आपल्याला सापेक्षता माहीत होती.

नाही, मंडळी. इथे 'किती?' हा प्रश्न विचारा. सापेक्षतेचा सिद्धान्त सांगतो, की प्रकाशाच्या ८० टक्के वेगाने जाणाऱ्या यानातल्या माणसाची तीन वर्षं होतात, तेव्हा पृथ्वीवरची पाच होतात. वेग बदला, आकडा बदलतो, आणि तो मोजून तपासता येतो. रैवताच्या कथेत असा आकडा काढायची सोय नाही, आणि ती असावी अशी अपेक्षाही नको. ती कथा आहे, श्रेष्ठ कथा आहे. तिला प्रमाण बनवलं, की आपण विज्ञानाचंही नुकसान करतो आणि कथेचंही. ज्याला भरपूर कल्पित वाचायची सवय आहे, त्याला 'समजा' आणि 'आहे' यांच्यातलं अंतर लगेच कळतं. ज्याला ती सवय नाही, तो निरोप पुढे पाठवतो. आमच्या शेजाऱ्यांना आम्ही हेच म्हणालो, की खरं-खोटं शिकवायचं असेल, तर ही पुस्तकं उलट आधी वाचली पाहिजेत.

आता कुणी म्हणेल, विज्ञानाचं ठीक आहे, पण जादूगाराच्या कादंबरीत कसला हिशेब?

ले ग्विन यांची 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' १९६८ सालची. बेटांचा प्रदेश आहे, गेड नावाचा एक बकऱ्या राखणारा पोरगा आहे, तो पुढे जादूगार होतो. इथली जादू कशावर चालते? नावावर. प्रत्येक वस्तूला, प्रत्येक माणसाला एक खरं नाव असतं. ते ज्याला कळलं, त्याची सत्ता चालते. म्हणून माणसं खरं नाव लपवतात, अगदी जवळच्याच माणसाला सांगतात, आणि चारचौघांत दुसऱ्याच नावाने वावरतात.

परदेशी वाचकाला हे नवं वाटत असेल. आपल्याला? आपल्याकडे पाळण्यातलं नाव वेगळं आणि हाकेचं वेगळं. लग्नानंतर मुलीचं नाव तांदळात लिहून बदलायचे. आमच्या आजीने आयुष्यात आजोबांचं नाव एकदाही सरळ घेतलं नाही. घेतलं ते उखाण्यात गुंडाळून. नाव घेणं म्हणजे हात लावण्यासारखं आहे, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, ठाऊक होतं. ले ग्विनबाई वाचताना आम्हाला आजीचा तो संकोच पहिल्यांदा नीट कळला. आणि एक प्रश्नही पडला. नाव लपवण्यात जर माणसाची सत्ता राखली जात असेल, तर लग्नात जिचं नावच बदललं, तिच्याकडे काय उरलं? हा प्रश्न आमच्या घरातला होता. तो दाखवायला एक काल्पनिक बेट लागलं.

शिवाय या जादूला किंमत आहे. इथे पाऊस पाडला तर तिथे दुष्काळ पडू शकतो, असं तिथले गुरुजन शिष्यांना बजावतात. गेड तरुणपणी ईर्षेपोटी नको ते करून बसतो आणि त्यातून एक सावली सुटते, ती त्याच्या मागे लागते. शेवट सांगत नाही. एवढं सांगतो, की ज्या अद्भुत कादंबरीत जादू फुकट मिळते ती बाजूला ठेवावी, आणि जिथे जादूचं बिल कुणाला तरी भरावं लागतं ती वाचावी.

बिलावरून 'वामन परत न आला' आठवते. सुमारे चाळीस वर्षांपूर्वीची कादंबरी. जमिनीखाली एक पेटी सापडते. एका अतिप्रगत, नष्ट झालेल्या संस्कृतीचं ज्ञान तिच्यात असतं. त्या ज्ञानाच्या आधारे माणसं 'वामन' नावाचा बुद्धिमान यंत्रमानव घडवतात. पुढे लक्षात येतं, की ती जुनी संस्कृती अशा यंत्रांवर विसंबूनच लयाला गेली होती. आज घरोघरी मोबाईलवर यंत्राशी गप्पा मारणारी पोरं बघताना ही कादंबरी पुन्हा वाचावी.

नाव मात्र नीट बघा. वामनाने काय मागितलं? तीन पावलं जमीन. थोडंसंच. आणि घेतलं सगळं. यंत्रंही थोडंच मागतात. आधी हिशेब आमच्याकडे द्या, मग पाठांतर द्या, मग निर्णय द्या. गंमत अशी, की ही कथा आपल्या शेतकऱ्याच्या अंगणातून वेगळी दिसते. दिवाळीत आपण बळीचं राज्य परत यावं म्हणतो. आपण देणाऱ्याच्या बाजूचे. तेव्हा आपल्या वाचकाने विचारायचा प्रश्न असा, की तिसरं पाऊल कुठे पडणार आहे, हे पहिलं देतानाच विचारता येईल का?

शेवटचं पुस्तक. 'द चिल्ड्रन ऑफ मेन', १९९२. नियम एकच बदलला आहे: माणसाला मूल होणं थांबलं. शेवटचं मूल जन्मलं १९९५ मध्ये, आणि कथा घडते २०२१ मध्ये. युद्ध नाही, रोगराई नाही, जगणाऱ्यांना खायला-प्यायला आहे. फक्त आपल्यानंतर कुणी नाही. आणि हळूहळू सगळ्याची चवच जाते.

सॅम्युएल शेफलर या अमेरिकन तत्त्वज्ञाने 'डेथ अँड द आफ्टरलाइफ' या २०१३ सालच्या पुस्तकात हीच कादंबरी युक्तिवादासाठी घेतली. तो विचारतो, समजा तुम्ही पूर्ण आयुष्य जगलात, पण तुमच्या मृत्यूनंतर तीस दिवसांनी पृथ्वी नष्ट होणार आहे, हे तुम्हाला आज कळलं. तुम्हाला काहीच इजा नाही. तरी आजचं काम तुम्ही त्याच उमेदीने कराल का? बहुतेकांचं उत्तर 'नाही' असं येतं. म्हणजे आपण स्वतःला जितके स्वार्थी समजतो तितके नसतो. ज्यांचं तोंडही बघणार नाही, अशा माणसांच्या भरवशावर आपला आजचा दिवस उभा असतो.

हे ऐकून आमचे शेजारी बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आमच्या बांधावरची चिंच आज्याच्या बापानं लावली. त्यानं काय तिचा कोळ खाल्ला नसंल." मंडळी, शेफलरचं अख्खं पुस्तक या वाक्यात आहे.

सत्तरी ओलांडलेल्या माणसाने भविष्यातल्या कादंबऱ्या का वाचाव्यात, याचं आमचं उत्तरही तेच आहे. २१०० साली आम्ही नसणार. पण ते साल असणार. तिथे कुणीतरी विहिरीत वाकून पाणी किती आहे ते बघत असणार. त्या माणसाची आठवण ठेवायची सवय लागते ती या पुस्तकांनी. जो अजून झालाच नाही, त्याची आठवण! हे काम इतिहासाला जमत नाही आणि वर्तमानपत्राला सवड नाही.

तेव्हा ज्यांना सुरुवात करायची आहे, त्यांनी गावच्या वाचनालयातून नारळीकरांचा 'यक्षांची देणगी' हा कथासंग्रह आणावा. घरात लहान मुलं असतील तर भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला जूल व्हर्न शोधावा, 'मुक्काम शेंडेनक्षत्र' वगैरे. वाचताना तीन प्रश्न जवळ ठेवावेत. कोणता नियम बदलला? हिशेब शेवटपर्यंत नेला का? आणि बिल कुणी भरलं?

बाकी तुमच्या टेबलावर सध्या काय आहे, तेही कळवा. पुढच्या वेळी आम्ही 'योगवासिष्ठा'तली गाधीची कथा घेणार आहोत. पाण्यात एक बुडी मारतो आणि तेवढ्यात दुसरं अख्खं आयुष्य जगून वर येतो, तो गाधी. येताना प्रश्न घेऊन या.